आधी ‘कधी’, मग ‘कुठे’

अगं, गॅरेजमध्ये जाऊन नुसतं ‘गाडीतून आवाज येतोय’ असं सांगू नकोस. हे वाक्य फार महागात पडतं. मिस्त्री एक चक्कर मारून येतो, मान हलवतो आणि म्हणतो, “सस्पेन्शन गेलंय मॅडम, चारही शॉकअप टाकावे लागतील.” आपण हो म्हणतो, कारण नाही म्हणायला हाताशी काहीच नसतं. बिल भरून निघालं की पहिल्याच स्पीडब्रेकरवर तोच ‘खट्’ पुन्हा हजर. यात दर वेळी मिस्त्रीची लबाडीच असते असं नाही हं. त्याने त्याच्या परीने अंदाज बांधलेला असतो, आणि आपण त्याला अंदाज बांधायला काही दिलेलंच नसतं.

तू जुनी हॅचबॅक घेतलीस ते चांगलंच केलंस. पण जुन्या गाडीत खड्ड्यागणिक काहीतरी वाजणारच, आणि आपल्याकडे खड्ड्यांना काय तोटा! म्हणून फोनवर घाईघाईत सांगण्यापेक्षा सगळं एकदा नीट सांगते. घाबरायचं कशाला, दुर्लक्ष कशाकडे करायचं आणि गॅरेजात तोंड कसं उघडायचं, तेवढं कळलं की पुरे.

पहिली गोष्ट मनात पक्की कर. आवाज कुठून येतो हे गाडीत बसून कानाने नेमकं ओळखता येत नाही. सगळी गाडी पत्र्याची. चाकापाशी बसलेला ठोका पत्र्यातून फिरून डॅशबोर्डाखाली ऐकू येतो, आणि डिकीतली सैल वस्तू मागचं चाकच निखळल्यासारखी वाजते. यात जुनेजाणते मिस्त्रीही फसतात. पण आवाज कधी येतो हे तुझ्याइतकं नेमकं कोणालाच सांगता येणार नाही, कारण गाडी रोज तू चालवतेस. किती वेगाला? एकच चाक खड्ड्यात गेल्यावर की दोन्ही? ब्रेक दाबलेला असताना की सोडलेला? स्टिअरिंग सरळ असताना की वळवलेलं? सकाळी गार गाडीत की तासभर चालल्यावर? कोरड्यात की पावसात? या ‘कधी’ची उत्तरं मिळाली, की ‘कुठे’ दोन-तीन जागांवर येऊन थांबतं.

मात्र लगेच गाडीखाली डोकावू नकोस. आधी गाडी रिकामी कर. खरंच सांगते, निम्मी भीती इथेच संपते. डिकीतली छत्री, पाण्याची बाटली, मुलांची बॅट, सीटखाली घरंगळलेला देवळातला नारळ, सगळं बाहेर काढ. मग डिकीतलं कार्पेट उचल. खाली स्टेपनी असते, तिला मधोमध आवळायचा एक मोठा स्क्रू असतो. पंक्चरवाल्याने घाईत तो अर्धाच फिरवला असेल, तर स्टेपनी प्रत्येक धक्क्याला उडते. जॅक आणि पाना त्यांच्या खाचेत घट्ट बसलेत का बघ. मागची सीट पाडून सामान आणलं असशील, तर पाठीची कडी दोन्ही बाजूंना ‘टक्’ करून बसली आहे ना, तेही बघ. ती अर्धवट अडकली की अगदी सस्पेन्शनसारखी खडखडते. रिकाम्या सीटच्या बेल्टचं बक्कल खांबाच्या प्लॅस्टिकवर आपटतं, ते लावून टाक. डिकीवरचा पार्सल ट्रे काढून घरी ठेव. नंबरप्लेट हाताने हलवून बघ. बॉनेट उघडून बॅटरीची पट्टी सैल नाही ना, बघून घे.

गाडीला सीएनजी बसवलेला असेल तर सिलिंडरच्या पट्ट्या आणि ब्रॅकेट नुसते नजरेने बघ, पाना मात्र लावू नकोस. ते काम किटवाल्याचं. सिलिंडरची हायड्रो टेस्ट दर ३ वर्षांनी बंधनकारक असते. तुझी गाडी जुनी आहे, तेव्हा ती तारीख या निमित्ताने तपासून घेच.

दुसरं काम टायरमधल्या हवेचं. ड्रायव्हरचं दार उघडलं की आतल्या खांबावर एक स्टिकर दिसेल, त्यावर पुढच्या-मागच्या टायरची हवा लिहिलेली असते. छोट्या गाड्यांना ती ३० पीएसआयच्या आसपास असते. पण रस्त्यावरचा हवावाला न विचारता ३५-४० भरून मोकळा होतो. टायर दगडासारखे कडक झाले की लहानसा खड्डाही धाडकन लागतो आणि चांगले पार्टही वाजायला लागतात. हवा गार टायरमध्ये मोजायची, म्हणजे सकाळी, गाडी फारशी चाललेली नसताना. हे दोन्ही केलं आणि आवाज गेला, तर एक चहा पी आणि बाकीचं वाचूच नकोस.

नाही गेला? मग एक रविवार सकाळ काढ. रहदारी नसलेली सोसायटीची गल्ली शोध, शक्यतो जिच्या एका बाजूला लांब भिंत आहे अशी. एसी बंद, रेडिओ बंद, काचा खाली. भिंतीला लागून हळू गेलीस की त्या बाजूच्या चाकांचा आवाज भिंतीवर आपटून कानात येतो. मग उलट दिशेने ये, म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येईल. दाजींना किंवा आईला मागे बसव. गाडी तू चालव आणि ऐकायचं काम त्यांना दे. चालवता चालवता आवाज शोधत बसणं म्हणजे समोरच्या सायकलवाल्याच्या जिवाशी खेळ. कोणीच नसेल तर मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून तो टॉवेलात गुंडाळून डिकीत ठेव, मग पुढच्या सीटखाली ठेव, आणि घरी येऊन दोन्ही ऐक. जिथे आवाज मोठा, बहुधा तिकडची बाजू.

आता सगळ्यात कामाची चाचणी सांगते. यात आपल्या गाड्यांच्या निम्म्या तक्रारींचा निकाल लागतो.

स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन, टियागो अशा बहुतेक छोट्या गाड्यांना पुढच्या चाकांशी मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र, उभे, वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याला आणि खालचं टोक चाकाला धरणाऱ्या नकलला. चाकाला खालून धरून ठेवतो तो लोअर आर्म. त्याला गाडीकडच्या बाजूने रबरी बुश आणि चाकाकडच्या बाजूने बॉल जॉइंट. याशिवाय डाव्या आणि उजव्या चाकाला जोडणारी एक वाकडी लोखंडी दांडी असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. वळणावर गाडी फार कलू नये म्हणून ती असते. ही दांडी स्ट्रटला दोन्हीकडे वीत-दीड वीत लांबीच्या लिंक रॉडने जोडलेली असते, आणि लिंक रॉडच्या टोकांना बारके बॉल जॉइंट असतात.

मजा अशी, की दोन्ही चाकं एकाच वेळी सारखीच वर-खाली झाली तर स्टॅबिलायझरला काही कामच पडत नाही. तो दोन्हीकडून सारखा उचलला जातो. पण एक चाक खड्ड्यात आणि दुसरं सपाटीवर असलं, की ती दांडी ओला पंचा पिळावा तशी पिळली जाते आणि तिचा सगळा जोर त्या बारक्या लिंक रॉडवर येतो. म्हणून असं कर. ताशी १५-२०च्या वेगाने एखादा रुंद स्पीडब्रेकर अगदी सरळ, दोन्ही चाकं एकदम चढतील असा ओलांड. मग तशाच वेगाने एकच चाक उथळ खड्ड्यातून किंवा गटाराच्या झाकणावरून ने. सरळ गेल्यावर आवाज नाही आणि एका चाकाला मात्र ‘खट्-खट्’, तर पहिला संशय लिंक रॉडवर, दुसरा स्टॅबिलायझरला धरून ठेवणाऱ्या रबरी बुशांवर. हे सगळ्यात स्वस्त पार्ट. लिंक रॉड काही शे रुपयांपासून मिळतो, दोन नट काढून बदलता येतो, आणि चारही शॉकअपच्या बिलाच्या तुलनेत हे बिल किरकोळ असतं. आता कळलं ना, मी ‘कधी’च्या मागे का लागले ते?

बहुतेकदा डावी बाजू आधी वाजते. रस्त्याच्या कडेचे खड्डे, खचलेली साइडपट्टी, पेव्हर ब्लॉकची उंच-सखल कड, सगळा मार डाव्या चाकांनाच. पण म्हणून डावीकडेच आहे असं गृहीत धरू नकोस. उजवं चाकही एकटं खड्ड्यातून काढून बघ.

याच गल्लीत आणखी दोन चाचण्या उरकून घे. खडबडीत रस्त्यावर हळू जाताना ब्रेकवर पाय अगदी हलकेच ठेव, गाडी थांबू देऊ नकोस. टकटक चालू होती आणि पाय ठेवताच थांबली, तर दोष ब्रेकमध्ये. कॅलिपरच्या पिना झिजल्या असतील किंवा ब्रेक पॅडच्या पत्र्याच्या क्लिपा बसवताना राहून गेल्या असतील. दुसरी चाचणी उभ्या गाडीत. इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरव. स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा ‘टण्’ आवाज आला किंवा करकर झाली, तर स्ट्रटच्या डोक्यावरचं माउंट आणि त्यातलं बेअरिंग बघायला सांग. आणि पूर्ण वळवून चालवताना, म्हणजे पार्किंगमधून बाहेर पडताना वगैरे, ‘कट्-कट्-कट्’ अशी लय धरून येत असेल, तर त्याचा खड्ड्याशी संबंध नाही. तो अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट. चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर त्याचं रबरी बूट फाटलंय हे नक्की. बूट लवकर बदललं तर कधी कधी जॉइंट वाचतो, वेळ काढलीस तर अ‍ॅक्सलचा खर्च.

ऐकण्याबरोबर अंगालाही विचार. धक्का स्टिअरिंगमधून हातात येत असेल तर टाय रॉड, रॅक या स्टिअरिंगच्या वस्तू बघायला हव्यात. पायाखालच्या पत्र्यात येत असेल तर लोअर आर्म आणि त्याचे बुश. सीटखालून, पाठीकडून येत असेल तर मागची बाजू. हा काही अचूक नियम नाही, पण मिस्त्रीला सुरुवात कुठून करायची ते कळतं.

आता कुईंकुईं करणाऱ्या गाडीबद्दल. स्पीडब्रेकरवर चढताना-उतरताना जुन्या पलंगासारखी कुरकुर ऐकू आली, तर बहुतेक कुठलं तरी रबर कोरडं पडलंय किंवा चिरलंय. लोअर आर्मचा बुश, स्टॅबिलायझरचा बुश, नाहीतर मागच्या बीमचा बुश. याची खूण म्हणजे पाऊस पडला किंवा गाडी धुतली की आवाज गायब आणि कोरडं ऊन पडलं की परत सुरू. मिस्त्रीला साध्या पाण्याची फवारणीची बाटली दे आणि एकेका बुशावर पाणी मारून गाडी दाबून बघायला सांग. ज्याच्यावर पाणी पडताच कुरकुर थांबली, तो चोर. गावाकडच्या जीपगाडीला मागे पाटे असतात, तिथे पाट्यांची पानं एकमेकांवर घासून करकरतात. ती गोष्ट वेगळी.

इथे एक इशारा. पावसाळ्याआधी ‘गाडीखाली डिझेल-ऑइल मारून देतो, आवाज बंद’ असं सांगणारे भेटतील. आवाज बंद होतोही, चार दिवस. पण नैसर्गिक रबर खनिज तेल पितं, फुगतं आणि लिबलिबीत होतं. जो बुश आणखी वर्षभर चालला असता, तो लवकर जातो. मारायचंच असेल तर रबराला चालणारा सिलिकॉन स्प्रे मारायला सांग, आणि तेही तात्पुरतं समज.

‘धप्’ असा जड आवाज आला तर जरा सावध हो. गाडीत पाच जण, डिकी भरलेली आणि खोल खड्डा, तर सस्पेन्शन तळाला टेकून धप् होणं साहजिक आहे. त्यासाठी आत बंप स्टॉपर नावाचं रबर असतं. पण एकटी असतानाही लहान खड्ड्याला धप् होत असेल, तर ते स्टॉपर फुटलं असेल किंवा शॉकअप संपला असेल. शॉकअप संपला की बहुतेकदा आवाजाआधी गाडी डुलायला लागते. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर नाक दोन-तीनदा वर-खाली होतं, ब्रेक लावला की पुढे झुकतं, वेगात गाडी तरंगल्यासारखी वाटते. चाकाच्या वर मजबूत जागी दोन्ही हातांनी गाडी जोरात दाबून सोडली, तर ती एकदा वर येऊन स्थिर व्हायला हवी. झुलत राहिली तर शॉकअप गेला. शॉकअपच्या अंगावर धूळ धरलेला हलका ओलसरपणा असला तर लगेच घाबरू नकोस. तेल ओघळून खाली थेंब पडत असतील तर मात्र बदलायला हवा. आणि तो बदलायचा तर पुढची जोडी किंवा मागची जोडी. एकच नवा टाकला तर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही. पण चारही एकदम टाकायला कारण विचार.

गाडी निघताना आणि थांबताना, पुढे-मागे घेताना धप् होत असेल, तर लोअर आर्मचा मोठा बुश किंवा इंजिनचं माउंटिंग. आपले मिस्त्री त्याला फाउंडेशन म्हणतात. फरक ओळखायची युक्ती सांगते. सपाट जागी ब्रेक घट्ट दाबून, गाडी जागची न हलवता, पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून-पालटून टाकून क्लच किंचितच उचल. इंजिन उडी मारल्यासारखं हललं आणि धप् झालं तर फाउंडेशन. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरत असेल तर तो संशय आणखी वाढतो.

गाडीखालून पत्र्याची झणझण येत असेल तर सायलेन्सरकडे बघ. तो रबरी कड्यांना लटकलेला असतो. एक कडं तुटलं की खड्ड्यात तो बॉडीवर आपटतो. सायलेन्सरच्या वरच्या बाजूला उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो, त्याचा नट गंजून सुटला की डबा वाजवल्यासारखा आवाज येतो. गाडी रात्रभर थंड झालेली असताना मुठीने हलकेच ठोकून बघ. चालून आलेल्या गाडीच्या सायलेन्सरला चुकूनही हात लावू नकोस, कातडी सोलून निघेल. चाकाच्या कमानीतलं प्लॅस्टिक, बंपरच्या क्लिपा, खालचं गार्ड हे सगळं फडफडतं. पावसात साचलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर हे हमखास सैल होतं, आणि दहा-वीस रुपयांच्या क्लिपांनी गप्प बसतं.

काही आवाज मात्र ठीकच असतात, उगाच झोप उडवू नकोस. खडीवर किंवा ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पेडल पायाखाली कटकट थरथरलं तर ते एबीएस आपलं काम करतंय. पाय उचलू नकोस, दाबून ठेव. ब्रेकनंतर मागे हलकेच डुबुक् झालं तर ते टाकीतलं पेट्रोल हिंदकळतंय. बस्.

आणि हे चार आवाज ऐकलेस, तर घरी पोचायची वाट बघायची नाही. नुकतंच चाक काढून बसवलंय आणि आता त्या चाकातून ठोके येतायत, स्टिअरिंग थरथरतंय, तर नट सैल असू शकतात. गाडी बाजूला घे, सगळे नट समोरासमोरचे असे आळीपाळीने पान्याने आवळ, आणि जवळच्या गॅरेजला दाखव. खरं तर पंक्चर काढल्यावर ५०-१०० किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासायची सवयच लाव. दुसरं, पुढून ‘खट्’ आणि त्याबरोबर गाडी आपोआप एका बाजूला ओढली जातेय किंवा स्टिअरिंगला मोकळी हालचाल जाणवतेय, तर बॉल जॉइंट किंवा टाय रॉड. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं पडतं. तिसरं, ‘टण्’ असा मोठा आवाज होऊन गाडी एका कोपऱ्यात बसली, तर स्प्रिंग तुटली. तुटकं टोक टायरला घासून टायर फाटू शकतो. चौथं, काहीही रस्त्यावर फरफटत असेल तर. राष्ट्रीय महामार्गावर असशील तर १०३३ हा नंबर लाव, मदत मिळते. अंधारात खंबाटकी किंवा कसारा घाटात ‘बघू पुढे’ म्हणून नेट धरू नकोस. आणि जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एक हातसुद्धा घालायचा नाही. जॅक घसरायला निमित्त लागत नाही.

आता गॅरेज. तिथे ‘साहेब नाही आले?’ असं कोणी विचारलं तर हसून म्हण, “गाडी मी चालवते, मलाच सांगा.” आवाज चढवायची गरज नाही. तुझ्या हातातला कागद पुरेसा आहे. त्यावर लिही: ‘डावं पुढचं चाक एकटं खड्ड्यात गेलं की एकदाच खट्. वेग १५ ते २०. दोन्ही चाकं सरळ गेली तर आवाज नाही. ब्रेकने फरक नाही. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवून आवाज नाही. पावसातही तसाच.’ हेच शब्द जॉबकार्डवर उतरवून घे. ‘जनरल चेकअप’ असं लिहू देऊ नकोस. मग मिस्त्रीला शेजारी बसवून त्याच गल्लीत आवाज ऐकव. तो ऐकल्याशिवाय काम सुरू करायचं नाही.

गाडी लिफ्टवर गेली की तिथेच उभी राहा. टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, पार्ट हलवून ‘प्ले, म्हणजे ढिलेपणा, कुठे आहे ते मला दाखवा’ असं म्हण. एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात: एकच चाक जॅकवर उचललं तर स्टॅबिलायझर पिळलेला राहतो, लिंक रॉड ताणून बसतो आणि त्यातला ढिलेपणा हाताला लागतच नाही. म्हणून लिंक तपासताना दोन्ही चाकं सारखी हवीत. आणखी एक. लोअर आर्मचे किंवा बीमचे रबरी बुश बदलले तर त्यांचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेली असताना आवळला तर गाडी खाली येताच रबर पिळलेल्या अवस्थेतच राहतं आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. हे एवढं एक वाक्य बोललीस की समोरच्याचा सूर बदलतो बघ.

सगळ्यात स्वस्त संशयापासून सुरुवात करायला सांग आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून चक्कर मार. चार पार्ट एकदम बदलले तर नेमकं काय खराब होतं ते कधीच कळत नाही. काढलेला जुना पार्ट परत माग. घरी नेऊन करायचं काही नाही, पण मागितला की काम खरंच होतं. लोअर आर्म, टाय रॉड किंवा स्ट्रट काढला असेल तर अलाइनमेंट करूनच गाडी घे. आणि एखादा आवाज कामानंतर सुरू झाला असेल, तर संशय आधी त्याच कामावर. ब्रेक पॅड बदलल्यावर टकटक, शॉकअप टाकल्यावर खट्, सीट कव्हर घातल्यावर खडखड. अशा वेळी नवं काही बदलू नकोस, केलेलंच पुन्हा उघडून बघायला लाव.

आणि थोडं आपल्या चालवण्याबद्दल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मार्गदर्शक सूचनांत गोल स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असावा असं म्हटलं होतं, म्हणजे ताशी २५च्या वेगाने तो आरामात ओलांडता येतो. आपल्या गल्लीत एका रात्रीत उगवणारे डांबराचे ढीग या मापात बसत नाहीत, तेव्हा २५ विसर आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरवर ये. ब्रेक स्पीडब्रेकरच्या आधी लाव आणि चाक चढायच्या आत सोड. ब्रेक दाबूनच चढलीस तर नाक आधीच खाली दबलेलं असतं आणि स्प्रिंगला हलायला जागाच उरत नाही. आणि ती सवय सोड, स्पीडब्रेकरच्या कडेला गटाराजवळची फट शोधून त्यातून एक चाक काढायची! रिक्षावाल्यांचं बघून आपण सगळेच ते करतो. एक चाक खाली, एक वर. लिंक रॉडचं काय होतं ते आता मी तुला वेगळं सांगायला नको.

येत्या रविवारी डिकी रिकामी करण्यापासून सुरुवात कर. कागद तयार झाला की मला फोटो पाठव, आणि गॅरेजने एस्टिमेट दिलं की हो म्हणायच्या आधी तेही पाठव. दोन्ही शेजारी ठेवून बघू. तुझ्या कागदावर ज्याचा मागमूसही नाही असा पार्ट एस्टिमेटमध्ये दिसला, तर त्याच्याभोवती गोल कर आणि विचार, “हा कशावरून?”